चालता खांब

"मॅडम, तुमचा खांब फिरायला निघाला बघा!"

कंट्रोल रूममधून कुणीतरी ओरडलं आणि हेडफोनवर पाच-सहा जण एकदम हसले. हातातला अर्धा वडा मी तसाच लॅपटॉपवर ठेवला आणि मॉनिटरकडे धावले. खरंच निघाला होता. कॅमेरा दोन झूम आउट करत होता आणि पडद्यावरच्या संगमरवरी महालातला डावा खांब फरशीवरून हळूहळू सरकत निवेदिकेच्या टेबलाला येऊन टेकला होता. टेबल खरं होतं, लाकडी. खांब खोटा होता, कॉम्प्युटरने काढलेला. खोट्याने खऱ्याला असा धक्का दिला की घरी बसलेल्या कुणालाही ते कळतं, त्यासाठी काही शिकावं लागत नाही.

मंगळवारची सकाळ होती, साडेसात वाजले होते. गुरुवारी महापालिकांचे निकाल. नवी मुंबईतल्या त्या मराठी वृत्तवाहिनीने पहिल्यांदाच असा सेट लावला होता. स्टुडिओच्या भिंती आणि फरशी नुसत्या हिरव्या, मध्ये एक टेबल, आणि बाकीचा सगळा थाटमाट कॉम्प्युटरने भरायचा. कॅमेरा वळला की तो थाटही वळला पाहिजे, कॅमेऱ्याने झूम केलं की तोही तेवढाच जवळ आला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक लेन्स कुठल्या झूमला आणि कुठल्या फोकसला नेमकं कसं बघते, कडेच्या सरळ रेषा किती वाकवते, हे आधी मोजून ठेवावं लागतं. काळ्यापांढऱ्या चौकटींचा एक फळा तिच्यासमोर पुढेमागे, उभा, तिरका असा धरायचा आणि शेकडो मापं घ्यायची. याला आम्ही कॅलिब्रेशन म्हणतो. स्टुडिओतली माणसं लेन्सची कुंडली म्हणायची, आणि खरं सांगायचं तर त्यांचंच नाव जास्त बरं होतं. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन लेन्ससुद्धा एकमेकींची कुंडली वापरू शकत नाहीत.

या कुंडल्या मांडायला पुण्याच्या एका कंपनीने मला पाठवलं होतं. मी हेमांगी तोडकर, तेव्हा वय सव्वीस, सहा महिन्यांच्या चाचणीवर घेतलेली. पाच महिने संपले होते. एकटीने करायचं हे माझं पहिलंच काम, आणि निघताना साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हे नीट झालं तर कायम. नाहीतर बघू." त्यांच्या 'बघू'चा अर्थ ऑफिसात सगळ्यांना माहीत होता.

"काल संध्याकाळी तर जागचा हलत नव्हता," मी म्हणाले.

"मग रात्रीत पाय फुटले वाटतं," सामंत मॅडम म्हणाल्या. कार्यक्रमाच्या दिग्दर्शिका. त्या चेष्टेने म्हणाल्या, पण त्यांच्या शेजारी उभे असलेले कर्णिक हसत नव्हते. कर्णिक म्हणजे वाहिनीचे तांत्रिक प्रमुख. हा सेट घ्यायचा हट्ट त्यांचा होता, त्यामुळे खांब माझा असला तरी अब्रू त्यांची होती.

कॅमेरा एक आणि तीन बघितले. दोन्हीकडे खांब आपल्या जागी. चालत होता तो फक्त दोनवर.

कॅमेरा दोनच्या मागे इंगवले उभे होते. शामराव इंगवले, मूळचे कागलचे, वाहिनीतले सगळ्यात जुने कॅमेरामन, या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होणारे. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, शर्टाच्या खिशात पेन्सिलीचा बोटभर तुकडा. त्यांनी हँडलवरचा हात काढला, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "सरकतंय व्हय?"

"सरकतंय काका," मी म्हणाले. आवाजात जरा जास्तच तिखटपणा आला असावा.

सोमवारी त्यांची-माझी गाठ पडली होती ती अशी. मी फळा घेऊन कॅमेरा दोनपाशी आले तेव्हा ते लेन्सपाशी काहीतरी पुसत उभे होते. हिरव्या भिंतीला टेकून प्लायवूडचा एक जुना चौकोन ठेवलेला होता, त्यावर काळ्यापांढऱ्या पाकळ्यांची मोठी चांदणी चिकटवलेली. माझ्या फळ्याच्या नेमकी आड येत होती. मी ती उचलून पडद्यामागे टाकली. ते बघत राहिले.

"म्याडम, ह्या लेन्सचं जरा..." त्यांनी सुरुवात केली.

"काका, मला दोन तास कॅमेऱ्याजवळ कुणी नकोय," मी म्हणाले. "तुम्ही छान चहा पिऊन या ना."

"चहा झालाय माझा."

"मग अजून एक घ्या!"

मी हसूनच म्हणाले होते. ते निघून गेले. दोन तासांनी आले तेव्हा माझं काम आटोपलं होतं. कुणीतरी त्यांच्या हातात अजून एक चहा दिला, आणि कप बशीत किणकिणताना माझ्या कानांनी टिपला. उजवा हात थरथरत होता. मी तेव्हा त्याचं काही केलं नाही, नुसतं डोक्यात ठेवलं.

मंगळवारी दिवसभर मी कॅमेरा दोनची कुंडली पुन्हा पहिल्यापासून मांडली. जेवले नाही. संध्याकाळी पाच वाजता झूम आत केला, बाहेर केला, दहा वेळा केला. खांब ढिम्म. "आता बरोबर," सामंत मॅडम म्हणाल्या, आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं.

त्या संध्याकाळी इंगवले माझ्याशी जरा मोकळं बोलले. पायरीवर बसून डबा पुसत होते. सहज विचारलं तर म्हणाले, "एकतीस वर्षं झाली. निकालाचा दिवस एकबी चुकला न्हाई. घरात आमची शालन टीव्हीपुढं बसती. माझं नाव दिसत न्हाई, तोंड दिसत न्हाई, तरी तिला कळतं कुठला शॉट माझा."

"कसं काय?"

"शेवटाला मागं येतो बघ मी, कार्यक्रम संपताना. सगळं दिसंपर्यंत मागं. तवा थांबायच्या आधी जरा दम धरतो, आनि मग उरलेलं थोडं येतो. पाव्हणा उंबऱ्यातनं एकदा वळून बघतो का न्हाई, तसं. त्यावरनं वळखती. लगीच फोन करती, 'झालं न्हवं? आता निघा.'" ते स्वतःशीच हसले. "परवा शेवटचंच हाय."

मला ते ऐकून बरं वाटलं आणि नाहीही वाटलं. माझं सगळं लक्ष सकाळकडे लागलं होतं.

बुधवारी सकाळी साडेसातला खांब पुन्हा चालला.

या वेळी कुणी हसलं नाही. कर्णिक मला काचेच्या केबिनमध्ये घेऊन गेले. तोवर मी सगळ्या केबल तपासल्या होत्या, कॅमेऱ्याच्या माथ्यावरचा सेन्सर तपासला होता, सॉफ्टवेअर दोनदा नव्याने टाकलं होतं. कुठे काही सापडत नव्हतं. डोकं नुसतं भणभणत होतं.

"उद्या सकाळी नऊला आपण ऑन एअर जाणार," कर्णिक म्हणाले. "मला कारण हवंय. एका ओळीत, लेखी. तुमच्या कॅलिब्रेशनमध्ये चूक आहे का?"

"नाही सर."

"यंत्रात बिघाड आहे?"

"नाही."

"मग राहिलं काय?"

राहिला होता माणूस. कर्णिकांनी तो शब्द उच्चारला नाही, पण मागच्याच आठवड्यात त्यांना इंगवलेंच्या जागी जितेश या तरुण कॅमेरामनला बसवायचं होतं आणि सामंत मॅडमनी ते होऊ दिलं नव्हतं, हे मला कळलं होतं. मला बशीची किणकिण आठवली.

मी लिहिलं, 'कॅमेरा दोनच्या हाताळणीत पुरेसं स्थैर्य नाही.'

आता खरं सांगते. हात थरथरला तर कॅमेरा थरथरतो, आणि कॅमेरा थरथरला तर खांबही त्याच्याबरोबर थरथरतो. तो सरकत नाही. यंत्र असल्या हालचालीच मोजायला बसवलेलं असतं. हे मला ती ओळ लिहितानाही ठाऊक होतं. पण माझ्याजवळ दुसरं कारण नव्हतं, आणि कारण नसणं म्हणजे माझी चूक असणं. मी सही केली.

दुपारी इंगवलेंना सांगण्यात आलं की उद्या दोनवर जितेश असेल. कोणी सांगितलं, काय शब्दांत सांगितलं, मी बघायला थांबले नाही. कॅमेरा दोनची कुंडली मी तिसऱ्यांदा मांडली आणि खाली मान घालून गेस्टहाउसवर गेले.

गुरुवारी मी पावणेसातला पोहोचले. साडेसातला तालीम सुरू झाली. कॅमेरा दोनमागे जितेश, तिशीचा, हात दगडासारखे स्थिर.

खांब चालला.

कंट्रोल रूममध्ये सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी हेडफोन काढून स्टुडिओच्या फ्लोअरवर पळाले आणि लेन्सवर अक्षरशः नाक टेकवलं. लेन्सच्या मागच्या टोकाला, जिथे ती कॅमेऱ्याला जोडलेली असते तिथे, एक बारीक रिंग असते, स्क्रूने आवळलेली. बॅक फोकस. त्या रिंगच्या कडेने पांढऱ्या टेपची पट्टी लावलेली होती. तीन दिवस मी ती बघत होते आणि मला ती मळकट पट्टी वाटत होती. आज जवळून पाहिलं तर तिच्यावर पेन्सिलीच्या केसाएवढ्या बारीक रेघा होत्या, आणि प्रत्येक रेघेपाशी मुंगीएवढी अक्षरं. सो. मं. बु. आणि आज, ताजी, गु.

"हे कुणी केलं?" मी जितेशला विचारलं.

"इंगवलेकाकांनी," तो म्हणाला. "सकाळी सहाला येऊन करून गेले. रोजच करतात. म्हणाले, आज तू उभा राहणार, तुला लेन्स चोख मिळाली पाहिजे."

इंगवले कँटीनमध्ये टीव्हीखाली बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन्सिल. काम नव्हतं तरी आले होते.

"काका, तुम्ही रोज बॅक फोकस फिरवता?" मी धापा टाकत विचारलं.

"फिरवतो म्हंजे? लावतो. लेन्स म्हातारी झालीया, आनि हितला एसी रोज निराळा. रोज एक केस हिकडं, एक केस तिकडं. चांदणी समोर ठेवायची, झूम आत घ्यायचा, बाहेर घ्यायचा, दोन्हीकडं चांदणी धारदार दिसली पायजे. न लावता कॅमेरा हातात घेतला तर आमच्या गुरूनं मुस्काटीत दिली असती." मग माझा चेहरा पाहून थांबले. "का? काय झालं?"

काय झालं ते मला त्याच वेळी नीट कळलं. ती रिंग केसभर हलली की लेन्स बदलते. मी संध्याकाळी जी कुंडली मांडायचे ती त्या संध्याकाळच्या लेन्सची. सकाळी सहाला हा माणूस मन लावून तिला दुसरी लेन्स करून ठेवायचा, आणि मी जुन्या कुंडलीने नव्या लेन्सचं भविष्य सांगत बसायचे. आमच्या नियमपुस्तकात पहिल्याच पानावर होतं: कॅलिब्रेशननंतर बॅक फोकसला हात लावू नये. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. सोमवारी ते लेन्सबद्दल मला काहीतरी सांगत होते, तेव्हा मी त्यांना चहाला पाठवलं होतं.

"काल मी माप घेतलं तेव्हा रिंग कुठे होती?"

"बु लिहिलंय बघ तिथं. त्या रेघेवर आण. पर आज गारठा जास्त हाय, मग वाइड मऊ पडंल, लांबचं चित्र धारदार येनार न्हाई."

मी पळत परत आले, स्क्रू सैल केला, रिंग 'बु'वर आणली आणि आवळली. खांब जागच्या जागी उभा राहिला. आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

"काय होतं?" कर्णिक माझ्या मागेच उभे होते.

"इंगवलेंनी सकाळी लेन्सला हात लावला होता," मी म्हणाले. "आता ठीक केलंय."

"म्हणजे तुमचा रिपोर्ट बरोबरच होता."

मी श्वास घ्यायला तोंड उघडलं. तेवढ्या वेळात सगळं सांगून झालं असतं. "हो सर," मी म्हणाले.

दहा मिनिटांनी सुरक्षारक्षक कँटीनमध्ये जाऊन इंगवलेंचं फ्लोअरवर जायचं कार्ड काढून घेऊन आला.

नऊ वाजता कार्यक्रम ऑन एअर गेला. आकडे येऊ लागले, महालाच्या भिंतीवर रंगीत पट्ट्या वरखाली होऊ लागल्या, पाहुणे एकमेकांवर तुटून पडले. खांब शहाण्यासारखा उभा होता. पुण्याहून साहेबांचा निरोप आला, 'मस्त दिसतंय. शाब्बास.' मी तो तीन वेळा वाचला आणि फोन उलटा ठेवला. उठून पाणी प्यायचे, परत यायचे, पुन्हा उठायचे. कॅमेरा दोनवर कट झाला आणि खांब स्थिर दिसला की मी नजर दुसऱ्या मॉनिटरवर न्यायचे.

"दोन, तुझा वाइड भुरकट येतोय," सकाळी अकरालाच सामंत मॅडम टॉकबॅकवर म्हणाल्या. टॉकबॅक म्हणजे सगळ्यांच्या कानातली एकच लाइन, एक बोलला की सगळे ऐकतात. "जितेश, फोकस बघ."

"बघितला मॅडम. जवळून चोख आहे, लांबून मऊ पडतोय."

"मग वाइड घेऊच नकोस. शेवटच्या शॉटचं काय करायचं ते नंतर बघू."

दुपारी अडीचला मी कँटीनमध्ये गेले. सांगायला गेले म्हणणं खोटं होईल, पाय घेऊन गेले. इंगवले त्याच खुर्चीवर होते. समोरचा टीव्ही बघत होते आणि मांडीवर बोटं झूमच्या बटणावर असल्यासारखी हलत होती.

"वाइड मऊ पडलंय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"काका, ते कार्ड माझ्यामुळे गेलं."

"ठाऊक हाय."

"काल तुमचं काम गेलं तेही माझ्यामुळे. मी लिहून दिलं. मला माहीत होतं की तुमच्या हातामुळे खांब सरकत नाही, तरी लिहिलं. आणि आज कारण कळल्यावरही अर्धंच सांगितलं."

आता ते वळले. चष्म्यामागे डोळे लाल होते. मला वाटलं होतं ते जाऊ दे म्हणतील; अशी माणसं म्हणतात, असा माझा समज होता. ते तसं काही म्हणाले नाहीत.

"एकतीस वर्षात माझ्या हाताला कुणी नाव ठेवलं न्हवतं," ते म्हणाले. "कप धरताना कापतो. हँडल धरल्यावर कापतो का? तू बघितलंस तीन दिवस. कापला?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतीस? मला म्हाईत हाय. आत जाऊन सांग."

मी दारापर्यंत गेले आणि थांबले. साहेबांचा तो 'शाब्बास' खिशात होता, आणि टॉकबॅकवर जे बोललं जातं ते संध्याकाळपर्यंत पुण्याला पोहोचतं हे मला माहीत होतं.

कंट्रोल रूममध्ये जाहिराती चालू होत्या. दोन मिनिटं. मी हेडफोन घातला आणि बटण दाबलं.

"सामंत मॅडम, हेमांगी बोलतेय. सगळे ऐकतायत का? कॅमेरा दोनचा खांब तीन दिवस चालत होता तो माझ्या चुकीमुळे. इंगवलेकाका रोज सकाळी बॅक फोकस लावतात, तो लावायलाच हवा. मी त्यांना न विचारता माप घेतलं. आधी त्यांचं काम, मग माझं, असा क्रम हवा होता. त्यांच्या हातात काही दोष नाही. काल मी लेखी दिलं ते खोटं आहे."

कॅमेरा तीनवाला हळूच शीळ घालून थांबला.

"झालं तुमचं?" कर्णिक माझ्या खांद्यापाशी येऊन पुटपुटले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "याचा अर्थ कळतो का तुम्हाला?"

"कळतो सर. आता त्यांना आत बोलवा. नाहीतर शेवटचा वाइड मिळणार नाही."

सामंत मॅडमनी मान वर केली नाही. समोरच्या वेळापत्रकावर बोट फिरवत म्हणाल्या, "साडेचारला महापौरपदाची चर्चा दुसऱ्या स्टुडिओतून. मला इथे पंचवीस मिनिटं मोकळी मिळतात. पुरतील?"

पूर्ण कुंडलीला दोन तास लागतात. "एकाच शॉटपुरतं माप घेतलं तर पुरतील," मी म्हणाले. "पण तो शॉट कुठून कुठवर जाणार, हे करणाऱ्यानेच सांगायला हवं."

"मग करणाऱ्याला बोलवा," त्या म्हणाल्या. "कर्णिक, कार्ड."

साडेचार वाजता इंगवले फ्लोअरवर आले. पडद्यामागून प्लायवूडची चांदणी आणली, बाहीने पुसली आणि माझ्या हातात दिली. "टेबलामागं धर. सरळ. हालू नको."

मी धरली. त्यांनी झूम आत घेतला, बाहेर घेतला, रिंगला बोट लावलं, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. स्क्रू आवळला. खिशातून पेन्सिल काढून टेपवर एक रेघ मारली. हात हलला नाही.

"आता तू," ते म्हणाले.

"कुठून सुरू करणार?"

"तिच्या तोंडापासनं. हितनं." त्यांनी दाखवलं. "हळू मागं. टेबल दिसलं, खांब दिसलं. हितं जरा दम धरणार. मग उरलेलं. हितं खलास."

त्या वाटेवरच्या एकेका टप्प्यावर मी थांबायला सांगायचे, ते थांबायचे, मी चौकटींचा फळा घेऊन धावायचे, माप घ्यायचे, परत धावायचे. जिथे ते दम धरणार होते तिथली मापं मी दुप्पट घेतली. पंचविसाव्या मिनिटाला फाइल चढली. करून बघायला वेळ राहिलाच नाही.

पाच अठ्ठावन्नला निवेदिकेने नमस्कार केला. "दोन, तुझ्यावर," सामंत मॅडम म्हणाल्या. "काका, सावकाश."

चित्र मागे येऊ लागलं. चेहरा, मग टेबल, मग डावा खांब, उजवा खांब, संगमरवरी फरशी, सगळं लख्ख, धारदार. खांबाचा पाया टेबलापासून हातभर लांब होता, तसाच राहिला. मी फक्त त्या पायाकडे बघत होते. मग चित्र थांबल्यासारखं झालं. एक क्षण. आणि उरलेलं थोडं मागे आलं.

"कट," सामंत मॅडम म्हणाल्या, आणि सगळी कंट्रोल रूम टाळ्या वाजवू लागली. कर्णिकही वाजवत होते.

याला आता अकरा वर्षं झाली. पुण्याला परतल्यावर साहेब 'बघू' म्हणाले, आणि महिन्याभरात मी दुसरीकडे नोकरी शोधत होते. पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी मी फ्लोअरवर गेले तेव्हा इंगवले कॅमेऱ्यावर कापड घालत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कानाला जरा कमी ऐकू यायचं म्हणून त्यांनी तो स्पीकरवर लावला.

"अवं, सकाळधरनं कुठं हुता?" पलीकडून बाईचा ठसठशीत आवाज आला. "दोन नंबरावर कोण हुतं ते? दिवसभर बघतीया, एक शॉट तुमचा न्हाई. माझ्या जिवाला नुसता घोर! शेवटाला आलासा ते आलासा. कुठं गेलतासा?"

इंगवलेंनी माझ्याकडे बघितलं. मग फोन तोंडाजवळ धरला.

"चहा प्यायला गेलतो," ते म्हणाले.

"दिवसभर?"

"व्हय. हितं एक पोरगी हाय, तिनं धाडलं हुतं."